आइसलँडचे पाउंड कोण छापणार?

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या काकू सकाळी नऊलाच पासबुक पिशवीत घालून बँकेच्या दारात हजर. ग्रुपवर मेसेज आला होता: ‘बँक बुडतेय, पैसे काढा.’ मेसेज खोटा होता, पण दुपारपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली.

आणि खोट्या मेसेजनंही खरी बँक बुडू शकते. काकूंची ठेव तिजोरीत पडून नसते. ती अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखान्यात यंत्रमाग होऊन खडखडत असते. कारखानदार पाच वर्षं हप्ते फेडणार, काकूंना पैसे आत्ता हवेत. सगळेच एकदम आले तर माग काही काउंटरवर मोजून देता येत नाही. अशा वेळी रिझर्व्ह बँक चांगलं तारण घेऊन रोकड पुरवते. रुपये तीच छापते, म्हणून ते तिच्याकडे संपत नाहीत.

आता २००८ चं आइसलँड बघा. लोकवस्ती तीन लाखांच्या थोडी वर, म्हणजे सोलापूर शहराच्या साधारण एक तृतीयांश. ग्लिटनिर, लँड्सबँकी, कॉपथिंग या तीन बँकांचा पसारा मात्र देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहापट! पैसा परक्यांचा: थोड्या मुदतीची युरोतली कर्जं, ब्रिटिश ठेवीदारांचे पाउंड. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक कोसळली आणि जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेना. आइसलँडची मध्यवर्ती बँक क्रोना, म्हणजे तिथलं चलन, हवे तेवढे छापू शकत होती. घेणेकऱ्यांना हवे होते युरो. क्रोना छापून युरो घ्यायला जावं तर क्रोनाच आणखी घसरणार. ७ ते ९ ऑक्टोबर या तीन दिवसांत तिन्ही बँका सरकारच्या ताब्यात गेल्या.

(बँक बुडाली की ग्रुपवर लगेच शनीचं गोचर फिरतं. ज्योतिषाला हसताना एवढं लक्षात ठेवा, की मूडीज या पतमापन संस्थेनं फेब्रुवारी २००७ मध्ये याच तिघींना सर्वोच्च दर्जा दिला होता. एप्रिलमध्ये तो काढून घेतला, ते वेगळं.)

ज्यांनी येन किंवा स्विस फ्रँकशी जोडलेलं कर्ज काढून गाडी घेतली होती, त्यांचे हप्ते क्रोना घसरल्यानं फुगले. देशाबाहेर पैसे नेण्यावरचे निर्बंध २०१७ पर्यंत टिकले. मॅकडोनाल्ड्सनंही २००९ मध्ये गाशा गुंडाळला, आयात माल परवडेना.

काकूंना मी सांगितलं, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला आपल्याकडे विमा असतो. ‘आधी सांगायचं की!’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पैसे परत भरले. स्लिप मीच लिहून दिली.