गाणं ऐकताना डोळे काय करतात?

कुणाला वाचायला शिकवायचं म्हटलं की हल्ली आधी ॲप आठवतं, मग टॅब, मग क्लासची फी. आयआयएम अहमदाबादचे संशोधक ब्रिज कोठारींनी यातलं काहीच केलं नाही, टीव्हीवर जे गाणं लागतं त्याच्या खाली त्याच भाषेत त्याचे शब्द टाकले, बस. अमेरिकेत कॉर्नेलला शिकताना ते स्पॅनिश शिकत होते, एकदा स्पॅनिश सिनेमा बघताना खाली सबटायटल इंग्रजी, तेव्हा वाटलं की हीच स्पॅनिशमध्ये असती तर! तिथून विषय हिंदी गाण्यांवर आला. १९९६ पासून आयआयएम अहमदाबादमध्ये संशोधन, १९९९ ला गुजरात दूरदर्शनच्या चित्रगीत या गाण्यांच्या कार्यक्रमात प्रयोग, नंतर चित्रहार, २००४ ला याच कामासाठी प्लॅनेटरीड संस्था.

आता खरी मजा. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारतात आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतात. आणि पडद्यावर अक्षरं दिसली की नजर तिकडे आपोआप जाते, बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की भाषा कळत असली तरी लोक सबटायटल वाचतातच. कोठारींच्या पद्धतीत जो शब्द गायला जातोय त्याचा रंग त्याच क्षणी बदलतो, म्हणजे नजर कुठे ठेवायची हे पण कळतं.

समजा शाळा लवकर सुटलेल्या एखाद्या बाईंना अक्षरं येतात पण जोडून वाचता येत नाही. 'दर्द' शब्द घ्या. रफार बसलाय दुसऱ्या द च्या डोक्यावर पण उच्चार त्याच्या आधी, इथेच कच्चा वाचक अडकतो. पण गाणं तोंडपाठ असल्यामुळे आवाज मेंदूत आधीच तयार असतो, डोळ्यांना फक्त आकार त्या आवाजाला जोडायचा असतो, आणि तेच गाणं परत परत लागतं तेव्हा ही जोडणी पक्की होत जाते. वाचनावर संशोधन करणाऱ्या डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेली सेल्फ-टीचिंगची कल्पना याच्या जवळची आहे, फक्त तिथे वाचक शब्द स्वतः फोडून उच्चार काढतो आणि इथे उच्चार गायक देतो. एकही अक्षर येत नसेल तर मात्र नुसत्या गाण्यांनी फार काही होणार नाही, हे पण सांगायला हवं.

(याउलट आपल्याकडे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनवाले, म्हणजे मेंदूचा मधला भाग 'जागा' करतो म्हणणारे क्लास, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून 'वाचून' दाखवतात आणि पालक हजारो रुपये मोजतात. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात हो, वाचायला डोळे लागतात!)

इंटरनेटवर कोठारींनी बुकबॉक्स आणलं, ॲनिमेशनच्या गोष्टी, खाली त्याच भाषेतली ओळ, यूट्यूबवर फुकट, मराठीतही आहेत. तंत्रज्ञान म्हणाल तर अगदी साधं, सगळी मेहनत आवाज आणि अक्षर यांचं टायमिंग जुळवण्यात, ते चुकलं की वर सांगितलेली जोडणीच होत नाही. आणि आपल्याकडे ओटीटीवर मराठी सिनेमा लावला की बहुतेक वेळा सबटायटल फक्त इंग्रजीत! मराठी ओळ टाकायला असा काय मोठा खर्च येतो?