क्लोदीन वेगळी, कोलेत वेगळी

कोलेत या फ्रेंच लेखिकेचं ‘क्लोदीनचं घर’ हे पुस्तक हाती लागलं तेव्हा मी खुशीत होते. क्लोदीनच्या कादंबऱ्या आधी वाचल्या होत्या, हा पुढचा भाग असणार असं धरून चालले. अर्धं पुस्तक झालं तरी क्लोदीन येईना. आली ती एक आई. बागेत उभी राहून ती हाका मारते, “पोरं कुठं गेली?” पोरं झाडावर, कुंपणावर, गवताच्या गंजीत लपलेली. कुणीच ओ देत नाही. पुस्तक संपलं, क्लोदीन आलीच नाही. येणार कुठून? ते घर कोलेतचं होतं.

ही गफलत पुष्कळांची होते. कोलेत म्हणजेच क्लोदीन असं लोक बिनदिक्कत लिहितात. म्हणून दोघींना शेजारी बसवून बघू.

कोलेत ही लेखिका, हाडामांसाची. सिदोनी-गाब्रिएल कोलेत हे पूर्ण नाव, जन्म २८ जानेवारी १८७३चा, बर्गंडीतल्या सँ-सोव्हर गावचा. क्लोदीन ही तिच्या कादंबऱ्यांतली मुलगी. आपण मोंतिन्यी गावच्या, जन्म १८८४चा, हे ती पहिल्याच वाक्यात सांगते. मोंतिन्यी म्हणजे नाव बदललेलं सँ-सोव्हर. शाळा तीच, रानवाटा त्याच. वय मात्र अकरा वर्षांनी कमी.

गोंधळ आपोआप झालेला नाही, तो घडवून आणला गेला. कोलेतने १८९३मध्ये विलीशी, म्हणजे आंरी गोतिए-व्हिलारशी, लग्न केलं. तो तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. संगीतावर लिहायचा, आणि इतरांकडून कादंबऱ्या लिहून घेऊन स्वतःच्या नावावर छापायचा. शाळेच्या आठवणी लिहून काढ, असं त्याने बायकोलाही सांगितलं. वह्या वाचल्या, नापसंत केल्या आणि खणात टाकल्या. पुढे खण आवरताना त्या पुन्हा हाती आल्या, तेव्हा त्याला त्यांची किंमत कळली. १९००मध्ये ‘क्लोदीन शाळेत’ बाहेर आलं. लेखक म्हणून नाव विलीचं. पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन क्लोदीन निघाल्या, त्याही त्याच्याच नावावर.

पुस्तक तुफान खपलं. क्लोदीनच्या नावाने अत्तरं आणि सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. गोल पांढऱ्या कॉलरला फ्रान्समध्ये आजही क्लोदीन कॉलर म्हणतात. १९०२मध्ये नाटक आलं, त्यात पोलेर नावाची नटी क्लोदीन झाली. विलीने बायकोची गुडघ्याखाली पोचणारी वेणी कापायला लावली, तिला आणि पोलेरला एकसारखे कपडे शिवले आणि दोघींना दोन्ही बाजूंना घेऊन मिरवलं. त्या वेळचे फोटो मिळतात. ते बघताना माझ्या पोटात कालवतं. जिने क्लोदीन लिहिली, तिलाच क्लोदीनचा वेश घालून उभं केलेलं.

आता फरक. सगळ्यात मोठा फरक आईचा आहे. क्लोदीनला आई नाही. बाप आहे, तो गोगलगायींच्या अभ्यासात बुडालेला, पोर आपली आपण वाढते. कोलेतचं बालपण मात्र आईने काठोकाठ भरलेलं. आईचं नाव सिदोनी, सगळे सिदो म्हणत. पहाटे साडेतीनला उठून एकटीने रानात जायची परवानगी लेकीला देणारी ही बाई. कादंबरीतून लेखिकेने तिलाच वगळलं. माझ्या मते त्या विलीच्या बाजारात आईला उभं करणं तिला जमलंच नसतं. बावीस वर्षांनी, १९२२मध्ये, तिने आईचं घर लिहिलं आणि त्यावर क्लोदीनची पाटी लावली. वाचकांना ते नाव ओळखीचं होतं, गोंधळ तिथे पक्का झाला. पुढे ‘सिदो’ हे पुस्तक थेट आईच्याच नावाने आलं.

गाव सुटण्याचंही तसंच. क्लोदीन बापाच्या लहरीपायी पॅरिसला जाते. कोलेतच्या घरी कर्ज झालं, सामानाचा लिलाव झाला आणि सगळे थोरल्या डॉक्टर भावाच्या आसऱ्याला गेले. तिच्याकडे हुंड्याला पैसे नव्हते.

१९०७ हे साल तर मला दोघींमधला बांध वाटतं. त्या वर्षीच्या कादंबरीत क्लोदीनचा नवरा वारतो आणि ती खेड्यातल्या घरात, झाडांच्या आणि जनावरांच्या सोबतीने मागे राहते. त्याच वर्षी ३ जानेवारीला कोलेत पॅरिसच्या मुलाँ रूझ या नाट्यगृहाच्या रंगमंचावर होती. विलीपासून ती वेगळी झाली होती, मूकनाट्यात काम करून पोट भरत होती. त्या रात्री मिसी या उमराव घराण्यातल्या मैत्रिणीने रंगमंचावर तिचं चुंबन घेतलं आणि थिएटरात दंगा झाला. त्याच वर्षी विलीने क्लोदीनचे हक्क तिला न विचारता विकले. क्लोदीन शांत झाली आणि कोलेतची खरी धावपळ सुरू झाली: गावोगावचे दौरे, पत्रकारिता, आणखी दोन लग्नं, एक मुलगी, ‘शेरी’ आणि ‘जीजी’ ही पुस्तकं. १९५४मध्ये ती गेली तेव्हा फ्रान्सने तिला सरकारी इतमामाने निरोप दिला. त्याआधी हा मान तिथे कुठल्याही बाईला मिळाला नव्हता.

क्लोदीनच्या वह्या नष्ट कर, असं विलीने आपल्या सेक्रेटरीला सांगितलं होतं. त्याने काही वाचवल्या. त्यांच्या समासात विलीच्या हातच्या सूचना आहेत, मजकूर मात्र कोलेतच्या अक्षरात.

राहिलं नाव. क्लोदीन हे मुलीचं नाव, म्हणून कोलेतही तसंच असणार असं वाटतं. ते आडनाव आहे, वडिलांचं. बरीच वर्षं ती ‘कोलेत विली’ अशी सही करत होती, १९२३पासून पुस्तकांवर नुसतं ‘कोलेत’ आलं. वडील कॅप्टन, इटलीतल्या लढाईत एक पाय गमावलेले. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर सुरेख बांधणीचे डझनभर खंड होते, त्यांनी स्वतः नावं घातलेले. ते वारल्यावर घरच्यांनी खंड उघडले. आत पानंच्या पानं कोरी. एकाच पानावर मजकूर होता, बायकोला केलेली अर्पणपत्रिका, आणि खाली सही: ज्यूल-जोझेफ कोलेत.