निर्वात बाटली (थर्मास)

गरम पेय गरम आणि थंड पेय थंड राखणारे दुहेरी भिंतींचे पात्र. दोन भिंतींमधील हवा काढून ती पोकळी कायमची बंद केलेली असते. काचेच्या बाटलीत पोकळीच्या आतल्या बाजूने चांदीचा मुलामा असतो, तर पोलादी बाटलीत घासून चकचकीत केलेला पत्रा किंवा तांब्याचा पातळ थर तेच काम करतो. प्रयोगशाळेत या पात्राला ड्यूअर पात्र म्हणतात.

शोधाचे श्रेय : लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर (1842–1923) यांना हे श्रेय सामान्यतः दिले जाते व त्यासाठी 1892 हे साल सांगतात. अशा पात्रात ठेवलेल्या द्रवरूप हवेचे जाहीर प्रयोग त्यांनी जानेवारी 1893 मध्ये करून दाखवले. मात्र निर्वात आवरणाची कल्पना त्याहून जुनी आहे. पॅलॅडियम या धातूत शोषलेल्या हायड्रोजनवर काम करताना, 1872–74 च्या सुमारास, खुद्द ड्यूअर यांनीच निर्वात आवरणाचे पितळी पात्र वापरले होते. जर्मनीत केम्निट्झ येथील आडोल्फ वाइनहोल्ट यांनी 1881 मध्ये काचेच्या दुहेरी निर्वात पात्राचे वर्णन छापले. फ्रान्समध्ये द’आर्सोंव्हाल यांनी 1887–88 च्या सुमारास तशीच पात्रे वापरली, त्यामुळे अग्रहक्काचा वाद त्या काळातच उभा राहिला. केवळ ‘दोन भिंती व मध्ये पोकळी’ एवढीच कसोटी लावली, तर वाइनहोल्ट यांचा दावा डावलता येत नाही. पण उच्च निर्वात आणि परावर्तक लेप या दोहोंचा परिणाम वेगवेगळा मोजून पात्राला आजचे रूप देण्याचे काम ड्यूअर यांचेच दिसते. दोन्ही उपाय एकत्र केल्यावर आत शिरणारी उष्णता सुमारे तीन टक्क्यांवर येते, असे त्यांना आढळले. पोकळीत पाऱ्याची वाफ ठेवली, तर द्रवरूप हवा ओतताच ती वाफ आतल्या भिंतीवर गोठून आरसा तयार होतो, हेही त्यांनी पाहिले होते.

ड्यूअर यांनी पेटंट घेतले नाही. बर्लिनचे काचकारागीर राइनहोल्ट बुर्गर यांनी धातूच्या कवचात बसवलेली घरगुती बाटली तयार करून 1903 मध्ये पेटंट मिळवले. ‘थर्मॉस’ हे व्यापारी नाव त्यानंतर लगेचचे. अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांची संपूर्ण पोलादी बाटली 1913 मधील आहे.

कार्यतत्त्व : हवा थोडी काढली की बाटली थोडी सुधारते, असा समज होणे साहजिक आहे, तो खरा नाही. दाब कमी केल्यावर अभिसरण लवकर थांबते, पण वायूतून होणारे वहन बराच काळ जवळजवळ तेवढेच राहते. रेणू कमी झाले, तरी प्रत्येक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी अधिक लांब जातो आणि उष्णताही तितकीच दूर नेतो. हा माध्य मुक्त पथ भिंतींमधील अंतराएवढा झाला, की मगच वहन दाबाबरोबर घटू लागते. नेहमीच्या दाबाला हवेत हा पथ मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतो; दाब दहा लाखाव्या हिश्श्यावर आणला की तो काही सेंटिमीटर होतो. भिंतींमधील अंतर काही मिलिमीटरच असते, म्हणून इतका निर्वात पुरतो. त्याहून फार ढिला निर्वात चालत नाही.

प्रारण मात्र संपूर्ण निर्वातातूनही जाते. आत 95° से. व बाहेर 20° से. असताना साध्या काचेच्या दोन भिंतींमध्ये दर चौरस मीटरला सुमारे 500 वॅट उष्णता निसटते. दोन्ही भिंतींवर चांदी असेल, तर हाच आकडा दहा वॅटच्या आत येतो. यानंतर उरणारी गळती मुख्यतः तोंडाशी असते, कारण दोन्ही भिंती तिथे एकमेकींना जोडलेल्या असतात. पोलादातून उष्णता काचेपेक्षा कितीतरी सहज वाहते, म्हणून पोलादी बाटलीची मान पातळ पत्र्याची करतात.

निर्मिती : काचेच्या बाटलीच्या बुडाशी एक बारीक नळी ठेवतात. तिच्यातून सिल्व्हर नायट्रेटचे अमोनियायुक्त द्रावण व क्षपणक (द्रावणातून चांदी वेगळी करणारे रसायन) पोकळीत सोडतात. भिंतींवर चांदी बसली की द्रावण काढून पोकळी धुतात व वाळवतात. काचेला चिकटलेली वाफ निघून जावी म्हणून बाटली तापवतच हवा उपसतात आणि शेवटी नळी वितळवून तोडतात. बुडाशी दिसणारे टोक ते हेच. ते तडकले की बाटली वरून धड दिसते, पण चहा तासाभरात निवतो. पोलादी बाटलीच्या पोकळीत उरलासुरला वायू टिपणारा वायुशोषक पदार्थ ठेवतात.

वापर : बाटली काठोकाठ भरली व आधी गरम पाण्याने विसळून घेतली, तर पेय जास्त वेळ गरम राहते. थंड पेय गरम पेयापेक्षा अधिक काळ टिकते, कारण त्याच्या व बाहेरच्या तापमानातला फरक कमी असतो. कोमट दूध मात्र तासन्‌तास ठेवू नये. ते जंतूंच्या वाढीला पोषक तापमानातच अडकून राहते. घट्ट झाकणाच्या बाटलीत शुष्क बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किंवा द्रवरूप नायट्रोजन कधीही भरू नये. नायट्रोजनच्या ड्यूअर पात्राचे झाकण मुद्दाम सैल ठेवतात, म्हणजे वायूला वाट मिळते.