कळवण विधानसभा मतदारसंघ

कळवण विधानसभा मतदारसंघ (क्रमांक ११७) : नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम-वायव्य टोकाचे कळवण आणि सुरगाणा हे दोन तालुके मिळून झालेला, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ. लोकसभेसाठी तो दिंडोरी (अनुसूचित जमाती) मतदारसंघात मोडतो. नाव एकट्या कळवणचे असले तरी २००९ पूर्वी इथे दोन स्वतंत्र मतदारसंघ होते, दोघांचे राजकारण वेगळे होते आणि दोघांचे नेतेही वेगळे. पुनर्रचनेने ते एका नकाशात बसवले, पण त्यांची शिवण अजून उसवलेली दिसते. इथला कुठलाही निकाल तालुक्यांची बेरीज वेगवेगळी केल्याशिवाय उलगडत नाही.

भूमी आणि मतदार

दोन तालुक्यांच्या मध्ये सह्याद्रीची धार आहे. केम डोंगराच्या परिसरात नार, पार आणि गिरणा या नद्या उगम पावतात. त्यांपैकी नार-पार पश्चिमेला गुजरातकडे उतरतात, तर गिरणा पूर्वेला वळून कळवणमधून मालेगाव-जळगावकडे जाते. कळवणची बाजू गिरणा आणि पुनदच्या खोऱ्यातली : चणकापूर आणि पुनद (अर्जुनसागर) ही धरणे, पाटाचे पाणी, कांदा, मका, भाजीपाला. सप्तशृंगगडही याच तालुक्यात आहे. सुरगाण्याची बाजू भात, नागली, वरई आणि आंब्याची. पावसाळ्यात इथे धो धो कोसळते आणि एप्रिलपासून पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन झिऱ्यावर जातात. सापुतारा रस्त्यावर बोरगाव-हातगडच्या पट्ट्यात अलीकडे स्ट्रॉबेरी पिकू लागली आहे.

सुरगाणा हे १९४८ मध्ये विलीन झालेले छोटे संस्थान. पलीकडचा डांग १९६० मध्ये गुजरातेत गेला, सुरगाणा महाराष्ट्रात राहिला. मात्र सीमेवरच्या गावांचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक आजही दोन्हीकडे असते. २०२२ च्या अखेरीस सीमेलगतच्या काही गावांनी ‘सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा’ अशी उघड मागणी केली, तिच्यामागे हीच रोजची तुलना होती.

मतदारांत कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी या जमाती मोठ्या संख्येने आहेत. दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे इथे पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा) कायदा लागू आहे. बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट अशी : कळवण शहर आणि गिरणाकाठच्या बागायती गावांतले बिगर-आदिवासी मतदार इथे उमेदवार होऊ शकत नाहीत, पण मतदार असतात. लढत अटीतटीची असली की पारडे कुठे झुकायचे हे बऱ्याचदा तेच ठरवतात.

२००८ ची पुनर्रचना

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून सीमा नव्याने आखल्या. महाराष्ट्रातल्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण अनुसूचित जमातींच्या जागा २२ वरून २५ झाल्या. नाशिक जिल्ह्यात आता १५ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी हे चार अनुसूचित जमातींसाठी आणि देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

या फेरीत सुरगाणा मतदारसंघ संपला. सुरगाणा तालुका कळवणला मिळाला, पेठ तालुका दिंडोरीला जोडला गेला, आणि पूर्वी कळवणशी नाते असलेला देवळा तालुका चांदवडबरोबर गेला. राखीव जागा ठरवण्याची रीत इथे समजून घ्यायला हवी. अनुसूचित जातींच्या जागा राज्यभर विखरून द्याव्या लागतात, जमातींच्या तशा नाहीत : लोकसंख्येत जमातींचे प्रमाण जिथे सर्वाधिक, तिथेच त्या जातात. त्यामुळे सलग आदिवासी पट्ट्यात राखीव मतदारसंघ शेजारी-शेजारी येतात आणि आरक्षण सहसा हलत नाही, हलते ती हद्द. लोकसभेचा जुना मालेगाव (अनुसूचित जमाती) मतदारसंघही याच वेळी गेला आणि दिंडोरी जन्माला आला.

सुरगाणा : लाल बावटा

जुन्या सुरगाण्याचा इतिहास बहुतांशी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा आणि अलंगुणच्या जिवा पांडू गावित यांचा. पक्षाच्या शेतकरी संघटनेने, किसान सभेने, वनजमिनींच्या प्रश्नावर इथे पाय रोवले. गावित १९७८ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, पुढे २००४ पर्यंत सुरगाण्यातून आणि २०१४ मध्ये कळवणमधून, असे एकूण सात वेळा विधानसभेत गेले. २०१४ ते २०१९ या काळात ते सभागृहातले माकपचे एकमेव आमदार होते.

या भागात पक्ष टिकला तो भाषणांवर नव्हे, प्लॉटवर. ‘प्लॉट’ म्हणजे वनखात्याच्या जमिनीतला कसणुकीचा तुकडा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क दिला. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे. अडते ते नेमके ठिकठिकाणी. कसणूक दोन एकरांची, मोजणीत निघते वीस गुंठे. दावा फेटाळल्याचे पत्र वेळेवर हाती पडत नाही, तोवर अपिलाची साठ दिवसांची मुदत निघून जाते. मंजूर क्षेत्र सातबाऱ्यावर येते ते ‘इतर हक्कां’च्या रकान्यात, कधी ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य जमीन) म्हणून. पोटखराबा म्हटले की पीककर्ज आणि नुकसानभरपाई दोन्ही हुकतात.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च याच तक्रारींतून निघाला. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मुंबईतला शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच उरकला. गावित त्यात आघाडीवर होते. मार्च २०२३ चा दुसरा मोर्चा सरकारशी बोलणी होऊन वासिंदला थांबला. त्या वेळी सातबाऱ्यावरची ‘पोटखराबा’ नोंद ही एक ठळक मागणी होती.

कळवण : दळवटचे पवार

गिरणा खोऱ्यात पक्षापेक्षा घराणे मोठे. अर्जुन तुळशीराम ऊर्फ ए. टी. पवार, गाव दळवट (हेच दळवट जमिनीच्या सौम्य हादऱ्यांसाठीही अधूनमधून बातम्यांत येते). जनसंघाच्या परंपरेतून आलेले पवार पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये स्थिरावले आणि राज्यात मंत्रीही झाले. पाटपाणी, आश्रमशाळा, सहकारी संस्था आणि गावोगावचे वैयक्तिक संबंध ही त्यांची बांधणी. पक्ष बदलला तरी मतदार बरोबर येत, याचे कारण तेच. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००९ नंतर

एकत्रित मतदारसंघाची पहिली लढत म्हणूनच दोन जुन्या आमदारांची झाली. २००९ मध्ये राष्ट्रवादीचे ए. टी. पवार जिंकले, गावित हरले. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही फुटल्या, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, मते विभागली गेली आणि सुरगाण्याचा एकगठ्ठा पाठिंबा असलेले गावित निवडून आले. २०१९ मध्ये ए. टी. पवारांचे चिरंजीव नितीन पवार यांनी राष्ट्रवादीच्या घड्याळावर गावितांना हरवले. २०२३ च्या फुटीत ते अजित पवारांबरोबर राहिले आणि २०२४ मध्ये महायुतीचे उमेदवार म्हणून पुन्हा गावितांवरच मात केली. या वेळी गावितांना महाविकास आघाडीचा पाठिंबा होता. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत अंतर दहा हजारांच्या आत राहिले. राज्यातली सत्तेची समीकरणे चार वेळा बदलली, इथली लढत मात्र पवार विरुद्ध गावित यापलीकडे गेली नाही.

निकाल कसा वाचावा

मतमोजणीत एका फेरीत साधारणपणे १४ टेबलांवर १४ केंद्रांची यंत्रे उघडतात, तीही केंद्रांच्या अनुक्रमाने. त्यामुळे यंत्रे सुरगाण्याची उघडली आहेत की कळवणची, यावर आघाडीचा काटा फिरतो. पहिल्या चार-पाच फेऱ्यांवर गुलाल उधळणारे इथे फसतात. नीट चित्र हवे असेल तर ‘नमुना २०’ पाहावा : त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते असतात. केंद्रांच्या यादीवरून तालुका, मग जिल्हा परिषद गट, अशी बेरीज लावली की केमच्या धारेच्या दोन बाजू स्पष्ट वेगळ्या दिसतात. विजय बहुधा त्याचा होतो, जो स्वतःच्या बाजूला आघाडी घेतोच, शिवाय दुसऱ्याच्या घरात तूट कमी ठेवतो.

मतदानाची तारीखही महत्त्वाची. २००९, २०१४ आणि २०१९ ची मतदाने ऑक्टोबरात झाली, २०२४ चे २० नोव्हेंबरला. भातकापणी आटोपली की सुरगाण्यातली कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. मतदान जितके उशिरा, तितके पाडे रिकामे. त्यांना परत आणायला उमेदवाराने गाड्या पुरवणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते, त्यामुळे ‘गाडी कोणी केली’ हा प्रश्न दर वेळी निघतो.

उमेदवारीच्या अटी सोप्या आहेत. राखीव जागा असल्याने इथे सर्वांनाच ५,००० रुपये अनामत भरावी लागते (सर्वसाधारण उमेदवाराला एरवी १०,००० लागतात) आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते पडली नाहीत तर ती जप्त होते. खर्चमर्यादा ४० लाख रुपये. दोन मोठ्या उमेदवारांची लढत असल्याने बाकीच्या बहुतेकांची अनामत जाते.

लोकसभेत दिंडोरीचे प्रतिनिधित्व हरिश्चंद्र चव्हाण (२००९, २०१४), डॉ. भारती पवार (२०१९) आणि भास्कर भगरे (२०२४) यांनी केले. भारती पवार या ए. टी. पवारांच्या सूनबाई. २०१४ मध्ये त्या राष्ट्रवादीकडून हरल्या, २०१९ मध्ये भाजपकडून जिंकल्या आणि २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. गावितांनीही २००९ आणि २०१९ मध्ये ही जागा लढवली. २०२४ च्या लोकसभेत इथे चिन्हाचा घोळ झाला. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि त्याच आडनावाच्या एका अपक्षाला मिळाले नुसते ‘तुतारी’. ना सभा, ना कार्यकर्ते, तरी त्या अपक्षाला १,०३,६३२ मते पडली. भगरे एक लाख तेरा हजारांच्या आसपासच्या फरकाने निवडून आले म्हणून वाद वाढला नाही. अंतर कमी असते तर निकाल फिरला असता.

आमदाराकडे येणारी कामे

आमदारकीचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये. सुरगाण्यात अडचण पैशाची असते त्याहून जास्त जागेची, कारण पाड्याकडे जाणारी वाट बहुधा वनखात्यातून जाते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा तेरा कामांसाठी वनजमीन देता येते, पण तीन अटींवर : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. आता हिशेब करा. पाच मीटर रुंदीचा रस्ता दोन किलोमीटर गेला की दहा हजार चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक हेक्टर भरला. पाडा अडीच किलोमीटरवर असेल तर प्रस्ताव वनसंवर्धन कायद्याच्या लांब वाटेने जातो, आणि रस्त्याचे दोन तुकडे करून पाठवला तर बहुधा त्रुटी काढून परत येतो. म्हणून रुंदी साडेतीन मीटरच्या आसपास आणून अंतर बसवणे हा इथल्या शाखा अभियंत्यांचा नेहमीचा उपाय. भूमिपूजनाचा फलक लागून दोन-तीन वर्षे खडी न पडलेल्या रस्त्यांमागे बहुतेक वेळा ग्रामसभेचा ठराव जोडलेला नसणे किंवा हा हेक्टरचा हिशेब चुकलेला असणे हेच कारण निघते.

कळवणच्या बाजूला निवेदने वेगळी : कांद्याचा भाव आणि निर्यातबंदी, चणकापूरच्या आवर्तनाची तारीख, शेतीपंपाची रात्रीची वीज. पेसा क्षेत्रातली रखडलेली भरती हा दोन्हीकडचा सामाईक विषय.

नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्च सुमारे ७,०१५ कोटी, पाणी ९.१९ टीएमसी (अब्ज घनफूट). सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत धरणे बांधून पश्चिमेला वाहून जाणारे पाणी उपसायचे आणि केमच्या धारेपलीकडे चणकापूर धरणात सोडायचे, अशी ही योजना. बुडीत क्षेत्राची धास्ती असलेली गावे आणि त्या पाण्याची वाट पाहणारी गिरणाकाठची शेती एकाच आमदाराच्या दारी निवेदने घेऊन येतात.