पाडव्याला नेमकं काय बदलतं: ठाण्याच्या ताम्रपटापासून खिडकीतल्या गुढीपर्यंत

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्याच्या परिसरात पायासाठी खणताना एक ताम्रपट सापडला. तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरी याच्या दानाचा होता आणि त्यावर तिथी होती शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक शुद्ध १५. इसवी सनाच्या हिशोबात हा १०१७ चा नोव्हेंबर महिना.

आता एक साधं गणित करा. ९३९ मध्ये १२ मिळवले की ९५१ होतात. त्याला ६० ने भागलं की बाकी उरते ५१. प्रभव, विभव, शुक्ल अशी सुरू होणारी साठ संवत्सरांची यादी पंचांगात पहिल्या पानांवरच असते. तिच्यात ५१ वं नाव पिंगल आहे. भांडुपला सापडलेल्या छित्तराजाच्या ताम्रपटाचंही तसंच. तिथे शके ९४८, म्हणजे बेरीज ९६०, बाकी शून्य. बाकी शून्य आली की साठावं नाव घ्यायचं, ते क्षय. ताम्रपटावर क्षय संवत्सरच कोरलेलं आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या मोजणीने राजाचा लेखक वर्षाचं नाव लिहीत होता, तीच मोजणी आजही पाडव्याच्या सकाळी ठाण्यातल्या घराघरांत चालू आहे. शके १९४८ ला हाच हिशोब लावला की बाकी ४० येते आणि संवत्सराचं नाव निघतं पराभव. नाव ऐकून काहींना धास्ती वाटते. पण ही नावं ठरलेल्या क्रमानेच येतात, त्या वर्षी काय घडणार याच्याशी त्यांचा संबंध नाही. याआधी १९६६ च्या पाडव्याला हेच संवत्सर लागलं होतं.

पाडव्याकडे पाहायचं ते इथून. गुढी ही या दिवसाची खूण आहे आणि दिवसाचा गाभा आहे वर्षाची मोजणी. पाडवा हा शब्दच मुळात तिथीचं नाव आहे. संस्कृत प्रतिपदेचं प्राकृतात पाडिवआ झालं आणि मराठीत पाडवा. म्हणून तर दिवाळीतली बलिप्रतिपदाही आपल्याकडे पाडवाच. गुजराती शेजाऱ्यांचं विक्रम संवत त्या पाडव्याला बदलतं, आपला शक चैत्रातल्या पाडव्याला. ‘साडेतीन मुहूर्तां’च्या हिशोबात चैत्र पाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा हे पूर्ण मुहूर्त, तर बलिप्रतिपदा अर्धा.

शकाची सुरुवात इसवी सन ७८ ची. त्याला शालिवाहनाचं नाव जोडलं गेलं आणि पैठणच्या कुंभाराच्या पोराने मातीच्या सैन्यात प्राण फुंकून शत्रूला हरवलं, ही कथा घरोघरी सांगितली जाते. कथा सांगावी, ती सुंदर आहे. इतिहास थोडा वेगळा आहे, तोही माहीत असावा. शालिवाहन ज्या घराण्यातला मानला जातो, त्या सातवाहनांचे स्वतःचे शिलालेख राजाच्या राज्यवर्षात मोजलेले आहेत, शकात नाहीत. शिलाहारांच्या लेखांत ‘शकनृपकालातीत’ असा शब्द येतो, म्हणजे शक राजाच्या काळापासून लोटलेली वर्षं. शालिवाहनाचं नाव त्यानंतरच्या शतकांत चिकटलं. इतकं मात्र खरं, की राज्यं आली आणि गेली, भाषा बदलल्या, तरी दख्खनमध्ये ही मोजणी तुटली नाही.

गुढीचं मूळ शोधताना महाभारताच्या आदिपर्वातल्या उपरिचर वसूची गोष्ट हमखास निघते. इंद्राने त्याला वेळूची काठी दिली, वर्ष सरताना त्याने ती जमिनीत रोवली आणि दुसऱ्या दिवशी वस्त्र, गंध, माळा घालून तिची पूजा केली. वेळू, वस्त्र, माळ आणि वर्षाचा सांधा या चारही गोष्टी आपल्या गुढीत आहेत. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. इंद्रध्वजाचा उत्सव इतर ग्रंथांत भाद्रपदात सांगितला आहे, तेव्हा दोन्हींत सरळ रेघ ओढता येत नाही. मराठीत ‘गुढी उभारणे’ हा वाक्प्रचार ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० मध्ये, चांगला रुळलेला दिसतो आणि चोखोबांच्या अभंगातही तो येतो. दोन्हीकडे अर्थ एकच, विजयाची आणि आनंदाची खूण उंच धरणं. धर्मशास्त्राचे ग्रंथ या दिवशी ध्वज उभारायला, तेल लावून अभ्यंग करायला, कडुलिंब खायला आणि वर्षफल ऐकायला सांगतात. ब्रह्मदेवाने याच दिवशी सृष्टी निर्माण केली, असं ब्रह्मपुराण म्हणतं. म्हणून पूजेत गुढीला ब्रह्मध्वज म्हणतात.

पाडवा कोणत्या दिवशी धरायचा, यावर दर काही वर्षांनी वाद होतो. नियम सरळ आहे. सूर्योदयाला प्रतिपदा असेल तो दिवस. दोन्ही दिवशी सूर्योदयाला असली किंवा एकाही दिवशी नसली, तर पहिला दिवस. दुसरा प्रसंग येतो कसा? सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग सारखा नसल्याने तिथी कधी १९ तासांची होते, कधी २६ तासांची. लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मध्ये पुरती मावून जाते. तिला क्षयतिथी म्हणतात. २०२६ चा पाडवा असाच आहे. १९ मार्चला मुंबई-ठाण्यात सूर्योदयानंतर काही मिनिटांनी प्रतिपदा लागते आणि २० च्या सूर्योदयाआधीच संपते. म्हणून पाडवा १९ चा. त्या दिवशी सूर्योदयाच्या क्षणी गुढी उभारायची घाई केली, तर तिथीने अजून अमावास्याच असते. अशा वर्षी पंचांगात प्रतिपदेची वेळ पाहून मगच काठीला हात लावावा.

तारखा मागेपुढे होतात त्या अधिक मासामुळे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने पाडवा दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च. मग २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक येतो आणि २०२७ चा पाडवा उडी मारून ७ एप्रिलला जातो. वाशीच्या फळबाजारात हे डोळ्यांनी दिसतं. पाडवा मार्चच्या मध्यात आला की नैवेद्याच्या हापूसचा डझन परवडत नाही, एप्रिलमध्ये आला की आवक वाढलेली असते.

सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेचाही शक हाच, पण तिचा चैत्र २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षात २१ ला. ती १९५७ पासून वापरात आहे आणि पूर्ण सौर आहे. त्यामुळे १९ मार्च २०२६ ला घरात शके १९४८ लागतो आणि राजपत्राच्या हिशोबात मात्र २८ फाल्गुन १९४७ असतो. आमंत्रणपत्रिका छापताना ही गल्लत सर्रास होते.

पंचांग म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं. ते बनवण्याचं गणित कोकणाला परकं नाही. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला आणि त्यावरून पुढची कितीतरी शतकं महाराष्ट्रात पंचांगं तयार झाली. हाताने लिहिलेली ती पंचांगं घेऊन जोशी दारोदार फिरत आणि वर्षफल वाचून दाखवत. १८४१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं आणि ते घरोघर खुंटीला आलं. आता भिंतीवर कॅलेंडर आलं आणि वाचन मागे पडलं. हे पुन्हा सुरू व्हायला हवं, असं मनापासून वाटतं. त्याला फार काही लागत नाही. गुढीसमोर पाट मांडायचा, पंचांगाला हळद-कुंकू वाहायचं आणि एकाने मोठ्याने शक, संवत्सराचं नाव आणि त्या दिवसाची पाच अंगं वाचायची. दहा मिनिटांचं काम आहे. पुढे वर्षभर प्रत्येक पूजेच्या संकल्पात ‘अमुक नाम संवत्सरे’ म्हणताना हेच नाव घ्यायचं असतं. पाडव्याला ते कानावर पडलं नाही, की गणपतीपर्यंत जुनंच नाव तोंडात राहतं.

आता गुढी. अंगणात दहा-बारा फुटी वेळू चालतो. फ्लॅटच्या खिडकीला पाच-सहा फूट पुरे. जांभळी नाक्याच्या बाजारात काठी घेताना ती सरळ आहे का आणि वरच्या टोकाजवळ पेर आहे का, हे बघावं. पेराशी वेळू फुगीर असतो. वस्त्राची गाठ पेराच्या लगेच वर बसवली तर ती खाली सरकत नाही. गुळगुळीत भागावर बांधलेली गाठ दुपारपर्यंत वस्त्राच्या वजनाने घसरते आणि तांब्या उघडा पडतो. काठी धुऊन, पुसून, तेल-हळद लावावी. खण किंवा साडी वीतभर रुंदीच्या निऱ्यांत घालून सुतळीने किंवा नाडीने आवळावी. तार वापरू नये, रेशमावर गंजाचा डाग पडतो आणि तो निघत नाही. वस्त्रावर कडुलिंबाचा आणि आंब्याचा डहाळा, मग फुलांचा हार, मग साखरेची गाठी. डहाळे आधी झटकून कोरडे करावेत. साखरेचा पाक लाकडी साच्यांत दोऱ्यावर ओतून केलेली ही गाठी ओल्या पानांना टेकली की दोन तासांत पाझरते, वस्त्र चिकट होतं आणि मुंग्या लागतात. सगळ्यात शेवटी तांब्या किंवा गडू पालथा घालायचा. तांब्याचं तोंड काठीपेक्षा मोठं असतं, म्हणून तो डुगडुगतो. निऱ्यांचं टोक काठीच्या वर चार बोटं ठेवलं तर ते आत दाबलं जाऊन तांब्या घट्ट बसतो.

उंच इमारतींत आणखी एक खबरदारी हवीच. तांब्याच्या गळ्याला वेगळी दोरी घालून ती काठीला बांधावी. घोडबंदर रोडला, खारघरला बाराव्या-पंधराव्या मजल्यावर दुपारचा वारा जोराचा असतो आणि तिरप्या काठीच्या टोकावरचा तांब्या निसटला तर खाली माणसं असतात. काठी जाळीला किमान दोन ठिकाणी बांधावी, दोन्ही गाठींत दीड फूट अंतर ठेवून. एकाच गाठीवर ती झुलते आणि गाठ सैल होत जाते. बुडाशी पाट, पाटावर रांगोळी.

कडुलिंबाची चटणी चौघांसाठी करायची तर २०-२५ कोवळी, तांबूस पानं, मिळाला तर चमचाभर मोहोर, दोन चमचे भिजवलेली चणाडाळ, चमचाभर गूळ, बोटाच्या पेराएवढी चिंच, अर्धा चमचा जिरं, चिमूट ओवा, चिमूट हिंग, चार मिरे आणि मीठ. आधी डाळ आणि मसाला जाडसर वाटून घ्यावा. पानं शेवटी घालून एकदाच फिरवावं. सगळं एकत्र बारीक वाटलं तर कडवटपणा डाळीत पुरता उतरतो आणि मुलं तोंडात धरत नाहीत. गडद हिरवी जून पानं घेतली तरी तेच होतं.

रस्त्यावरचा पाडवा अलीकडचा. १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने पहिली नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि तिथून ही प्रथा ठाणे, गिरगाव, नवी मुंबई अशी पसरली. ठाण्याची यात्रा कौपिनेश्वराच्या पालखीसोबत निघते. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी पोर्तुगिजांकडून जिंकली आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंदा तलावाकाठी हे देऊळ उभारलं. आदल्या संध्याकाळी तलावपाळीवर दिवे लागतात, गावदेवी मैदानात भली मोठी रांगोळी घातली जाते. त्याच दिवशी ठाण्या-नवी मुंबईतल्या कन्नड आणि तेलुगू घरांत उगादी असते. कोपरीतल्या सिंधी घरांत चेटीचंद चंद्रदर्शनाच्या हिशोबाने येतो, बहुधा दुसऱ्या दिवशी.

गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची. हळद-कुंकू वाहून, गूळ किंवा साखरेचा नैवेद्य दाखवून आधी तांब्या सोडवावा, मग गाठी, मग वस्त्र. गाठी मुलांत वाटतात. कडुलिंबाची पानं सावलीत वाळवून धान्याच्या डब्यात ठेवतात. काठी सरळ राहिली असेल तर उभी टेकवून कोरड्या जागी ठेवावी, आडवी ठेवली तर वाकते. पुढच्या पाडव्याला, ७ एप्रिल २०२७ रोजी, ती पुन्हा लागेल. तेव्हा शके १९४९. त्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी ४१. संवत्सराचं नाव प्लवंग.