गाभण गाईतील संप्रेरकमापन

रक्तातील किंवा दुधातील संप्रेरकांच्या पातळीवरून गाय गाभण आहे का, हे ओळखण्याची पद्धत. यातले मुख्य संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. माज ओसरल्यावर बीजांडकोशावर तयार होणारा पीतपिंड ते स्रवतो. गाभ राहिला नाही, तर सतराव्या-अठराव्या दिवसाच्या सुमारास पीतपिंड विरू लागतो, रक्तातली पातळी दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमखाली उतरते आणि साधारण २१ दिवसांनी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. गाभ राहिला असेल, तर भ्रूणाने सोडलेले इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन पीतपिंडाला विरू देत नाही.

म्हणून नमुना रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी घेतात. पातळी उतरलेली असली की गाय गाभण नाही, हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. चढलेल्या पातळीवर मात्र तेवढा भरवसा ठेवू नये. रेतन चुकीच्या दिवशी झालेले असू शकते, गर्भाशयात पू साचल्याने पीतपिंड टिकलेला असू शकतो, भ्रूण पुढे दगावूही शकतो. रिकामी गाय लवकर हेरणे हाच या चाचणीचा खरा उपयोग आहे. मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा माज) करणाऱ्या जनावरात तो विशेष मोलाचा, कारण तिथे नुसत्या डोळ्यांनी पुढचा माजही हुकतो. गाभण असल्याची खात्री नंतर सोनोग्राफीने किंवा हाताने तपासून करून घ्यावीच.

नमुना हाताळताना फार जपावे लागते. गाईच्या रक्तातील तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉनचे दुसऱ्या संयुगांत रूपांतर करतात. रक्त काही तास थंड न करता ठेवले, तर पातळी घसरते आणि गाभण गाय रिकामी ठरण्याचा धोका असतो. त्यामुळे नळी बर्फात ठेवून रक्तद्रव लवकर वेगळा करतात. दुधाचा नमुना त्या मानाने सोपा. पण प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशात विरघळते, म्हणून शेवटच्या धारांत ते जास्त भरते. नमुना दर वेळी दोहनाच्या एकाच टप्प्यावर घ्यावा.

इतक्या सूक्ष्म प्रमाणाचे मोजमाप रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापनामुळे (किरणोत्सारी खूण लावलेले रेणू व प्रतिपिंडे वापरून मोजण्याच्या पद्धतीमुळे) शक्य झाले. त्यासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. आता बहुधा एलायझा ही रंगबदलावरून प्रमाण सांगणारी प्रतिपिंड-चाचणी वापरतात. स्त्रियांसाठीची गरोदरपणाची पट्टी गाईला निरुपयोगी आहे, कारण ती ज्या संप्रेरकावर चालते ते गाईत तयारच होत नाही.

साधारण चार महिन्यांनंतर दुधातील इस्ट्रोन सल्फेट हे दुसरे संप्रेरक उपयोगी पडते. ते गर्भ व वारेकडून येत असल्याने जिवंत गर्भाची साक्ष देते. विण्याआधीच्या एक-दोन दिवसांत प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते.