वैवाहिक बलात्काराचा अपवाद (भारतीय फौजदारी कायदा)

बलात्काराच्या व्याख्येतून पतीला वगळणाऱ्या तरतुदीला वैवाहिक बलात्काराचा अपवाद म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या असून तिच्या शेवटी दोन अपवाद आहेत. पहिला वैद्यकीय प्रक्रिया किंवा हस्तक्षेपासाठीचा. दुसऱ्यानुसार, पत्नीचे वय १८ वर्षांपेक्षा कमी नसेल तर पतीने तिच्याशी केलेला संभोग किंवा लैंगिक कृत्य बलात्कार ठरत नाही. त्यामुळे पत्नीची संमती होती का, हा प्रश्न खटल्यात उभाच राहत नाही. संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. त्याआधी हाच अपवाद भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये होता. मसुदाकारांनी तो जाणूनबुजून घातला होता. तेव्हापासून मुख्यतः त्यातला वयाचा आकडा तेवढा वर सरकत गेला, मूळ तत्त्वाला कोणी हात लावला नाही.

उगम

विवाहाच्या वेळी दिलेली संमती पत्नीला मागे घेता येत नाही, हे मत इंग्लंडचे सतराव्या शतकातील न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचे. त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये ते छापले गेले आणि पुढे अडीचशे वर्षे कायदा म्हणून उद्धृत होत राहिले. दंड संहितेच्या मेकॉलेने केलेल्या १८३७ च्या मसुद्यात पतीला वयाची कोणतीही अट न घालता सूट होती. १८६० च्या दंड संहितेत पत्नी किमान १० वर्षांची असावी अशी अट आली. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीचा नकार कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता.

या आकड्यावरचे पहिले मोठे भांडण मुंबई-पुण्यात झाले. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई यांनी नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. हा दावा दिवाणी होता, बलात्काराचा नव्हता; पण पत्नीच्या शरीरावर हक्क कोणाचा, हा त्यातला प्रश्न आजच्या अपवादाच्याही मुळाशी आहे.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या संभोगामुळे झालेल्या रक्तस्रावाने मृत्यू झाल्याचा खटला चालला. तिचे वय दहाच्या पुढे धरले गेले आणि बलात्काराचे कलम लागूच होऊ शकले नाही. निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्याबद्दल पतीला एक वर्षाची शिक्षा झाली. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि वय १२ झाले. परक्या सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये, या भूमिकेतून लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून विधेयकाला कडाडून विरोध केला, तर संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे विधेयकाची बाजू मांडली.

बदलता आकडा

१८९१ च्या कायद्यातही पत्नी आणि इतर मुली यांच्यासाठी वय एकच होते. १९२५ मध्ये फरक आला : इतरांसाठी १४, पत्नीसाठी १३. १९४० च्या दशकात पत्नीचे वय १५ झाले आणि तिथेच अडकले. १९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय १८ झाले, २०१३ मध्ये इतर मुलींसाठी संमतीचे वयही १८ झाले, तरी पत्नीपुरता आकडा १५ च राहिला. बालविवाह बेकायदेशीर, पण त्या विवाहातला बळजबरीचा संभोग कायदेशीर, ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या ‘इंडिपेंडंट थॉट’ निकालाने, पत्नीसाठीही वय १८ धरून, संपवली. प्रौढ पत्नीविषयी काहीही बोलत नसल्याचे त्याच निकालात स्पष्ट केले होते.

सुधारणेचे प्रयत्न

बलात्काराच्या कायद्यांत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ च्या अहवालात अपवाद काढून टाकण्याची शिफारस केली. त्या वर्षीच्या दुरुस्तीत समितीच्या अनेक सूचना आल्या, ही मात्र आली नाही. विवाहसंस्थेवर ताण येईल, हे कारण संसदीय समितीने दिले.

११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते फुटली. न्या. राजीव शकधर यांनी अपवाद घटनाबाह्य ठरवला, न्या. सी. हरि शंकर यांनी विवाहातील लैंगिक संबंधांची अपेक्षा हा वेगळ्या वर्गीकरणाचा रास्त आधार मानून तो कायम ठेवला. त्याआधी मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका पतीवर बलात्काराचा खटला चालवू दिला होता. जुलैमध्ये त्याला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात अपवादाचे समर्थन केले. सुनावणी सुरू झाली, पण तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांची निवृत्ती जवळ आल्याने ती पुढे ढकलली गेली.

गर्भपाताच्या कायद्यापुरते वेगळे घडले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील ‘बलात्कार’ या शब्दात पतीने केलेला बलात्कारही धरला. त्यामुळे अशा गर्भधारणेत पत्नीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो, आणि त्यासाठी गुन्हा सिद्ध करावा लागत नाही.

इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९१ मध्ये हेल यांचे मत रद्द ठरवले. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पतीची सूट नाकारली. ज्या देशाकडून भारताने हा अपवाद घेतला, त्याने तो टाकूनही आता तीन दशके उलटली आहेत.

आज उपलब्ध मार्ग

एकत्र राहणाऱ्या प्रौढ पत्नीसमोर मुख्यतः दोन वाटा आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ लैंगिक अत्याचाराला हिंसाचार मानतो. संरक्षण अधिकारी प्रपत्र १ मध्ये घटनेचा अहवाल (डीआयआर) भरतात. या सरकारी प्रपत्रात बळजबरीच्या संभोगासाठी स्वतंत्र रकाना छापलेला आहे. प्रत्यक्षात मात्र तो बहुधा कोराच राहतो : बाई मारहाण सांगते, पुढचे विचारले नाही तर बोलत नाही, आणि विचारणाऱ्यालाही संकोच वाटतो. अहवाल भरताना हा प्रश्न बाईला एकटीला, खासगीत विचारावा. कलम १२ खालचा अर्ज प्रपत्र २ मध्ये दंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल त्यानंतर ६० दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो, पण ही मुदत क्वचितच पाळली जाते. म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावा. हा मार्ग मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षण आदेश मोडला तरच कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरी वाट म्हणजे न्याय संहितेचे कलम ८५ (पूर्वीचे ४९८अ), पतीकडून होणारी क्रूरता. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे; बलात्काराला मात्र किमान दहा वर्षे. शिवाय क्रूरतेच्या व्याख्येत आत्महत्येस प्रवृत्त करणारे किंवा जिवाला, शरीराला अथवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचवण्याचा संभव असलेले वर्तन सिद्ध करावे लागते. नुसता डावललेला नकार पुरत नाही.

पती-पत्नी वेगळे राहत असतील तर संमतीविना केलेल्या संभोगाला न्याय संहितेचे कलम ६७ लागू होते : दोन ते सात वर्षे कैद. वेगळे राहण्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागत नाही, पण पत्नीने स्वतः तक्रार द्यावी लागते. येथे बचाव बहुधा ‘आम्ही एकत्रच राहत होतो’ असा असतो. म्हणून भाडेकरार, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेतील पत्ता असे पुरावे आधीच जमवावेत.

पत्नी १८ वर्षांखालची असल्यास बलात्काराचे कलम आणि पॉक्सो (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा) दोन्ही लागू होतात. बलात्काराच्या कलमाची दखल मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आतच घेता येते. पॉक्सोला ही मर्यादा नाही, त्यामुळे प्रथम माहिती अहवालात (एफआयआर) पॉक्सोची कलमे न विसरता घालावीत.

पूर्वी अनैसर्गिक कृत्याचे कलम ३७७ काही पत्नींना उपयोगी पडत असे. नव्या संहितेत ते कलमच नाही. जुन्या घटनांतही त्याची खात्री उरलेली नाही : २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने याच अपवादाच्या आधारे, पत्नीचा मृत्यू झालेल्या एका प्रकरणात पतीला दोषमुक्त केले.